उन्हाळी विज्ञान शिबिरे : प्रयोगशाळेचे दार कोणासाठी उघडते?

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत देशातील बहुतेक विद्यापीठांची आवारे शांत असतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, वसतिगृहे निम्म्याहून अधिक रिकामी झालेली असतात आणि प्रयोगशाळांकडे संशोधक विद्यार्थ्यांखेरीज फारसे कोणी फिरकत नाही. नेमक्या याच काळात काही निवडक संस्थांच्या फाटकांतून शाळकरी मुले आत येतात. कोणी पाच दिवसांसाठी येतो, कोणी दोन आठवडे तेथेच मुक्काम करतो. पाठ्यपुस्तकात ज्याचे केवळ चित्र पाहिले ते उपकरण ही मुले प्रथमच हाताळतात आणि ज्याने आयुष्य संशोधनात घालवले अशा व्यक्तीला समोरासमोर प्रश्न विचारतात.

विद्यापीठे व राष्ट्रीय संशोधन संस्था यांनी शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी चालविलेल्या अशा उपक्रमांना भारतात सहा दशकांहून अधिक काळाची परंपरा आहे. त्यांपैकी बहुतेकांचा खर्च सरकारी निधीतून होतो. उपक्रमांची संख्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लक्षणीय वाढली. मात्र प्रवेश कोणाला मिळावा, कोणत्या निकषावर मिळावा आणि आत गेल्यावर संवाद कोणत्या भाषेत व्हावा, हे प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने उपस्थित झाले आहेत. या उपक्रमांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या प्रश्नांना वेगवेगळ्या संस्थांनी दिलेल्या वेगवेगळ्या उत्तरांचा इतिहास होय.

आरंभ

शास्त्रज्ञाने मुलांसमोर उभे राहून विज्ञान समजावून सांगण्याची प्रथा जुनी आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली नाताळच्या सुट्टीतील व्याख्याने सुरू झाली. पुढे मायकेल फॅरेडे यांनी स्वतः ही व्याख्याने अनेक वर्षे दिली. मेणबत्तीच्या ज्योतीवरील त्यांची व्याख्यानमाला आजही विज्ञानप्रसाराचा नमुना म्हणून सांगितली जाते. भारतात या धाटणीचा स्मरणीय प्रसंग अहमदाबादचा आहे. भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संस्थापक विक्रम साराभाई यांनी तेथे लोकविज्ञान केंद्राची उभारणी केली. त्याच्या पायाभरणीच्या निमित्ताने २२ डिसेंबर १९६८ रोजी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘आकाश निळे का दिसते’ या विषयावर व्याख्यान दिले. त्या वेळी रामन ऐंशी वर्षांचे होते. प्रश्न लहान मुलाच्या तोंडी शोभणारा, उत्तर मात्र प्रकाशाच्या विकिरणापर्यंत नेणारे. चांगल्या शिबिराची आखणीही साधारण याच धर्तीवर होते.

व्याख्यानाने कुतूहल जागे होते. विद्यार्थी घडविण्यासाठी त्याहून दीर्घ सहवास लागतो, ही जाणीव त्याआधीच झालेली होती. जगदीशचंद्र बोस यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५८ मध्ये, कोलकात्यात त्यांच्या नावाने विज्ञान प्रतिभा शोध योजना सुरू झाली. १९६३ साली दिल्लीत दहा शिष्यवृत्त्यांपासून राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध योजनेस प्रारंभ झाला आणि दुसऱ्याच वर्षी ३५० शिष्यवृत्त्यांसह ती देशभर लागू करण्यात आली. निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांत उन्हाळी वर्ग भरविणे हा या योजनेचा भाग होता. परीक्षेतून हुशार मुले निवडावीत, त्यांना पैसा पुरवावा आणि सुट्टीत शास्त्रज्ञांच्या सहवासात ठेवावे, हा साचा तेथून रूढ झाला. पुढील बहुतेक सरकारी योजना याच साच्यातून निघाल्या.

होशंगाबादचा उलटा मार्ग

या साच्याला छेद देणारा प्रयोग मध्य प्रदेशात झाला. मुलांना विद्यापीठात आणण्याऐवजी विद्यापीठानेच गावात जावे, अशी ही कल्पना होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून ग्रामीण भागात गेलेले अनिल सद्गोपाल यांची ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षण कार्यक्रम हाती घेतला. हा जिल्हा आता नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो. आरंभी टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ आणि नंतर दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक या कामात उतरले. विद्यापीठात पदव्युत्तर वर्गांना शिकविणारी ही मंडळी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी प्रयोग रचू लागली आणि खेड्यातील शिक्षकांसोबत जमिनीवर बसून ते करून पाहू लागली.

या कार्यक्रमात उन्हाळी सुट्टी शिक्षकांसाठी राखलेली होती. तीन-तीन आठवड्यांच्या प्रशिक्षण वर्गांत शिक्षक स्वतः विद्यार्थी होत. प्रयोग फसला तर तो का फसला याची चर्चा होई, आणि प्राध्यापकाला उत्तर ठाऊक नसेल तर तेही सर्वांसमोर मान्य केले जाई. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात तयार उत्तरे दिलेली नसत. प्रयोग करून, निरीक्षणे नोंदवून उत्तर वर्गानेच शोधायचे असे. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. मुलांच्या मनातील प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले. मुले त्याला पत्र लिहीत आणि शास्त्रज्ञ व कार्यकर्ते त्याच्या नावाने उत्तर धाडीत. पत्रातील प्रश्न अभ्यासक्रमातलाच असावा असे बंधन नव्हते.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्याच्या माध्यमिक शाळांत लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे अन्य जिल्ह्यांत नेला. तीस वर्षांनंतर, २००२ मध्ये, राज्य सरकारने तो बंद केला. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी या निर्णयावर नापसंती नोंदविली, पण निर्णय फिरला नाही. कार्यक्रम संपला तरी त्यातून बाहेर पडलेली माणसे आणि पद्धती टिकल्या. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादला गेले होते. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून विज्ञान कसे शिकविता येईल याचा शोध घेताना त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिमितीय आकृत्या जोडण्याची युक्ती काढली. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र कलंडतो, हे कळण्यासाठी चार आण्यांचे साहित्य पुरते हे त्यांनी दाखवून दिले. त्या युक्तीचा प्रवास पुढे पुन्हा पुण्याकडे झाला.

मुंबई : मानखुर्दचे केंद्र

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा दुसरा एक गट मुंबईतच काम करीत होता. महापालिकेच्या शाळांतील शिक्षकांना विज्ञान शिकविण्यात साहाय्य करणाऱ्या या स्वयंसेवी प्रयत्नातून १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा जन्म झाला. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. आज मानखुर्द येथे असलेले हे केंद्र ऑलिंपियाडसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या पहिल्या काही वर्षांतील काम मात्र वेगळ्या प्रकारचे होते आणि त्याची आठवण आज कमी काढली जाते.

जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत केंद्राने आरंभीच एक प्रकल्प राबविला. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर प्रदीर्घ काम केले. ही मुले मागे का पडतात, याचा शोध घेताना केंद्राच्या अभ्यासकांना भाषा हा मोठा अडसर आढळला. मूल मराठी माध्यमात शिकत असले तरी विज्ञानाच्या पुस्तकातील मराठी त्याच्या घरातल्या मराठीपासून फार दूर असते. लांबलचक संयुक्त वाक्ये, अनोळखी संस्कृत संज्ञा आणि एकाच परिच्छेदात कोंबलेल्या अनेक कल्पना यांमुळे विज्ञान समजण्याआधी वाक्यच समजेनासे होते. पुस्तकाची भाषा सोपी केली, बोलून व लिहून व्यक्त होण्याची संधी दिली, प्रयोग हाती दिले, तर हीच मुले शालान्त परीक्षेत लक्षणीय प्रगती करतात असे या कामातून दिसून आले. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी याविषयी लिहिले आहे. शिबिरासाठी ‘प्रतिभावान’ मुले शोधणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते वाचावे अशा योग्यतेचे ते लेखन आहे, कारण प्रतिभा नसणे आणि प्रतिभा दिसून न येणे यांतील फरक त्यात मुंबईच्या शाळांतील अनुभवाने स्पष्ट केला आहे.

ऑलिंपियाडचे पर्व नंतर आले. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारताने १९८९ पासून, भौतिकशास्त्रात १९९८ पासून, रसायनशास्त्रात १९९९ पासून आणि जीवशास्त्रात २००० पासून संघ पाठविले. विज्ञान विषयांची राष्ट्रीय निवड प्रक्रिया नोव्हेंबरच्या सुमारास भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेच्या परीक्षेने सुरू होते, त्यानंतर दुसरी लेखी परीक्षा होते आणि त्यातून उरलेले मोजके विद्यार्थी उन्हाळ्यात मानखुर्दच्या शिबिरात दाखल होतात. तेथून भौतिकशास्त्रासाठी पाच, रसायन व जीवशास्त्रासाठी प्रत्येकी चार अशी अंतिम निवड होते. देशभरातील हजारो परीक्षार्थींतून चार-पाच जणांपर्यंत पोहोचणारी ही गाळणी अतिशय बारीक आहे. शिबिरातील प्रायोगिक प्रश्नांचा दर्जा उत्तम असतो आणि येथून गेलेल्या संघांनी सातत्याने पदके मिळविली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच भरले. मात्र या गाळणीच्या तळाशी पोहोचणाऱ्यांत खासगी शिकवणीची साथ असलेल्या शहरी विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे राहते, ही तक्रार जुनी आहे. केंद्राने केंद्रीय, नवोदय व अणुऊर्जा विद्यालयांतील आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी ‘विज्ञान प्रतिभा’ हा उपक्रम सुरू केला. त्यात स्पर्धा नाही. शिक्षकांच्या हाती प्रयोगाधारित अभ्यासघटक दिले जातात आणि ते नेहमीच्या शाळेतच शिकविले जातात.

पुणे : अभ्यासक्रम नसलेला आठवडा

पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान व खगोलभौतिकी केंद्राचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांची मुलांना स्वाक्षरी देण्याची पद्धत सर्वश्रुत होती. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलाला ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. कोल्हापुरात जन्मलेले आणि वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्याने बनारसमध्ये वाढलेले नारळीकर मे २०२५ मध्ये निवर्तले. सवालीरामाला येणारी पत्रे आणि नारळीकरांना येणारी पोस्टकार्डे यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मुलाने आधी प्रश्न विचारला पाहिजे, ही अट दोन्हीकडे सारखीच होती.

आयुकाची शालेय उन्हाळी योजना १९९३ पासून चालू आहे. तिची रचना साधी आहे. पुण्यातील शाळांना आपले दोन-दोन विद्यार्थी सुचविण्यास सांगितले जाते. सुट्टीच्या काळात दर आठवड्याला विद्यार्थ्यांची एक तुकडी येते. तुकडीतील चार-सहा मुलांचा एक गट सोमवार ते शुक्रवार एका शास्त्रज्ञाच्या स्वाधीन केला जातो. ठरलेला अभ्यासक्रम नसतो. शास्त्रज्ञ आणि मुले मिळून काय करायचे ते ठरवितात. ग्रंथालय खुले असते. कोणता गट सूर्याच्या डागांवर काम करतो, कोणता गणिती कोड्यांत रमतो, कोणाचे निम्मे दिवस प्रश्नोत्तरांतच सरतात. प्रवेश परीक्षा नसल्याने निवडीचा भार शाळेवर पडतो. शाळेने पहिल्या क्रमांकाचे विद्यार्थी पाठविले तर योजना गुणपत्रिकेकडे झुकते. सतत प्रश्न विचारून वर्गाला भंडावून सोडणारी मुलगी पाठविली तर ती आपल्या मूळ हेतूला जागते. या योजनेची मर्यादाही उघड आहे. मुले रोज घरून ये-जा करीत असल्याने तिचा लाभ पुणे व परिसरापुरताच राहतो. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी होणाऱ्या सप्रयोग व्याख्यानांत मात्र मराठीला हक्काची जागा मिळाली, हे नोंदविण्याजोगे आहे.

पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून आयुकाच्या आवारात मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतील एका ताऱ्याचे हे नाव ‘पुल’ या अक्षरांनी सुरू होते, हा श्लेष पुलंनाही आवडला असता. होशंगाबादच्या आगपेटीच्या काड्या घेऊन अरविंद गुप्ता येथे २००३ पासून अकरा वर्षे काम करीत होते. टाकाऊ वस्तूंपासून केलेली शेकडो वैज्ञानिक खेळणी, त्यांच्या चित्रफिती आणि अनेक भारतीय भाषांतील पुस्तके या काळात मोफत उपलब्ध करून देण्यात आली. त्यांचे सहकारी मनीष जैन यांनी पुढे गांधीनगरच्या आयआयटीत ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग’ उभारले. पुण्याच्याच आयसर संस्थेतही शालेय विद्यार्थी व शिक्षकांसाठी विज्ञान उपक्रम केंद्र आहे. मध्य प्रदेशातील शाळांत जन्मलेली पद्धत अशा रीतीने विद्यापीठांच्या आवारांत परतली. मूळ कार्यक्रम तोवर बंद पडला होता.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी

शाळेच्या तुलनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संधी अधिक आहेत. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला दोन महिन्यांसाठी एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पाठविते. बंगळूरचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आणि होमी भाभा केंद्राचा पदवीस्तरीय उपक्रम यांचेही स्वरूप बहुतांशी असेच आहे.

यांत गणितातील एका कार्यक्रमाचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. मुंबई विद्यापीठातील प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च’ हा चार आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू केला. त्याला राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने अर्थसाह्य दिले. लहान शहरांतील महाविद्यालयांत गणित म्हणजे प्रमेय फळ्यावर लिहून घेणे आणि परीक्षेत तसेच उतरविणे, ही सवय मोडणे हा त्याचा उद्देश. वर्गात शिक्षक सलग व्याख्यान देत नाहीत. एकामागून एक प्रश्न विचारीत विद्यार्थ्याकडूनच सिद्धता वदवून घेतात. ‘व्याख्या सांगा, उदाहरण द्या, आता न बसणारे उदाहरण द्या’ असा धोशा दिवसभर चालतो. पहिल्या आठवड्यात अनेकांना हे जड जाते, कारण तोवर त्यांना वर्गात बोलण्याची सवयच नसते. या वर्गांतून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी पुढे गणितात संशोधन केले आणि त्यांतील काही शिक्षक म्हणून याच वर्गात परतले. परतून येणाऱ्या शिक्षकांची अशी साखळी फार थोड्या शिबिरांना निर्माण करता आली आहे.

राष्ट्रीय योजना आणि त्यांची दारे

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना सुरू केली. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था तिचे संचालन करीत असे. अकरावीपासून मूलभूत विज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षापर्यंतच्या विद्यार्थ्यांची परीक्षेद्वारे निवड होई. त्यांना पदवीच्या काळात मासिक शिष्यवृत्ती आणि शिबिरांत सहभाग मिळे. परीक्षा इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत होती. अन्य भारतीय भाषांतही ती घ्यावी ही मागणी २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापर्यंत पोहोचली आणि त्या वर्षाची परीक्षा लांबणीवर पडली. २०२२ मध्ये योजनाच ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन करण्यात आली. भाषेचा प्रश्न त्यामुळे सुटण्याऐवजी मिटून गेला. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या आणि अकरावीत एकदम इंग्रजीला सामोरे जाणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण मात्र पुढील प्रत्येक परीक्षेत तशीच आहे.

‘इन्स्पायर’ ही २००८ च्या अखेरीस सुरू झालेली योजना आवाक्याने मोठी आहे. दहावीच्या मंडळ परीक्षेत पहिल्या एक टक्क्यात येऊन अकरावीला विज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठे व महाविद्यालये पाच दिवसांची निवासी शिबिरे घेतात. खर्च विभाग देतो. ही शिबिरे जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांतही होतात, ही जमेची बाजू. शिबिराचा दर्जा यजमान संस्थेवर फार अवलंबून असतो. काही ठिकाणी मुलांना दिवसभर सभागृहात बसवून एकामागून एक भाषणे ऐकविली जातात. पाच दिवसांत एकदाही हाताला उपकरण लागत नाही. याच योजनेच्या ‘मानक’ या शाखेत शाळांकडून विद्यार्थ्यांच्या कल्पना मागविल्या जातात आणि निवडलेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृती तयार करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात.

इस्रो ही विद्यापीठ नव्हे, पण तिच्या ‘युविका’ अर्थात युवा विज्ञानी कार्यक्रमाने शालेय शिबिरांना नवे वलय दिले. २०१९ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम नववीतील विद्यार्थ्यांसाठी आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक राज्य व केंद्रशासित प्रदेशातून तीन विद्यार्थी घेण्यात आले. करोनाच्या साथीमुळे पडलेल्या खंडानंतर २०२२ पासून तो पुन्हा सुरू झाला. सुमारे दोन आठवडे विद्यार्थी इस्रोच्या केंद्रात राहतात. प्रवास, निवास व भोजनाचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीच्या गुणांना महत्त्व असले तरी ग्रामीण शाळेत शिकणाऱ्यांना वेगळा भारांक दिला जातो आणि विज्ञान प्रदर्शन, क्रीडा, स्काउट व राष्ट्रीय छात्रसेनेतील सहभागही मोजला जातो. प्रत्येक राज्याला जागा आणि ग्रामीण शाळेला अधिक गुण, हा निकष सरकारी योजनांत तुलनेने दुर्मीळ आहे.

परीक्षाच नसलेला मार्ग राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने १९९३ पासून दाखविला आहे. १० ते १७ वयोगटातील मुले आपल्या परिसरातील एखादा प्रश्न घेतात, शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली त्याचा अभ्यास करतात आणि अहवाल आपल्या भाषेत मांडतात. गावातील विहिरींची पातळी, शेतातील कीड, शाळेजवळचा कचरा असे विषय त्यात येतात. जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत परीक्षक म्हणून विद्यापीठांतील अध्यापक लागतात आणि बहुतेकदा ते विनामोबदला येतात.

शास्त्रज्ञांच्या या वेळेचा हिशेब हा दुर्लक्षित विषय आहे. शोधनिबंध आणि अनुदाने यांवर पदोन्नती ठरत असताना मे महिना मुलांसाठी देणारा तरुण अध्यापक स्वतःचे नुकसान करून घेतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत प्रत्येक वैज्ञानिकाने वर्षाकाठी किमान दहा दिवस समाजाला ज्ञान पोहोचविण्यासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. विद्यापीठे आपल्या मूल्यमापनात हे दहा दिवस मोजत नाहीत तोवर शिबिरे काही मोजक्या उत्साही व्यक्तींच्या खांद्यावरच चालतील आणि ती व्यक्ती निवृत्त झाली की थांबतील.

अर्ज करण्यापूर्वी

वर उल्लेखिलेल्या सरकारी उपक्रमांत निवड झालेल्या विद्यार्थ्याकडून शिबिराचे शुल्क घेतले जात नाही. अलीकडे उन्हाळ्याच्या तोंडावर नामांकित संस्थेच्या आवारात होणाऱ्या, भरभक्कम शुल्काच्या शिबिरांच्या जाहिरातीही दिसतात. आवार किंवा सभागृह भाड्याने घेणे आणि संस्थेने स्वतः शिबिर घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे घोषणा त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे की नाही, शिकविणारे तेथील अध्यापक आहेत की नाहीत आणि कार्यक्रमपत्रिकेत प्रयोगशाळेसाठी किती तास राखले आहेत, एवढे तीन मुद्दे पालकांनी तपासावेत. अर्जांची मुदत बहुधा सुट्टी लागण्याच्या बरीच आधी संपते. ‘युविका’ची नोंदणी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, अकादमींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज त्याआधीच्या हिवाळ्यात भरावे लागतात आणि ऑलिंपियाडची वाट आदल्या वर्षाच्या नोव्हेंबरातील परीक्षेपासून सुरू होते. मे महिन्यात चौकशी करणाऱ्याला म्हणूनच पुढील वर्षाची तयारी करावी लागते.

अर्ज आणि निवड यांची गरज नसलेले काही दिवसही वर्षात असतात. रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून साजरा होतो आणि त्या सुमारास अनेक संशोधन संस्था आपले दार सर्वांसाठी उघडतात. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तेथे विज्ञान दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात आसपासच्या शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः केलेली उपकरणे मांडतात. जुन्नर, आंबेगाव परिसरातील गावांतून मुले, शिक्षक आणि शेतकरी कुटुंबे ती पाहायला येतात आणि दुर्बिणीवर काम करणारे शास्त्रज्ञ व अभियंते दिवसभर त्यांच्या प्रश्नांना मराठीतून उत्तरे देतात.